पाध्यांची दालचिनी

मागच्या महिन्यात डोंबिवलीला मोडकांच्या घरी मुंज होती. पंगतीत माझ्या समोर कुणाची तरी सून बसली होती. साखरेवर दालचिनीच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या सासऱ्यांना द्याव्यात का, असं ती मोडकांच्या डॉक्टर नातवाला विचारत होती. डॉक्टर हसले. म्हणाले, "आमच्या घरात दालचिनीचं नाव काढू नका. आमच्या आजोबांना कल्याणच्या एका वैद्यानं दालचिनी पाजून इन्शुलिन सोडायला लावलं होतं. मरता मरता वाचले." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही तर शेजारीच राहायचात. पाध्ये ना हो त्याचं नाव?"

मी म्हणालो, "हो, पाध्ये."

माझ्या ताटात जिलबी होती. मलाही साखर आहे, पण ती जिलबी मी उचलून खाल्ली. तोंडात काही असलं की बोलावं लागत नाही.

त्या वैद्याचं नाव पाध्ये, एवढं बरोबर आहे. पुढचं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यांच्यासाठी मी गप्प बसलो ते माझे वडील जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. त्या वेळच्या माणसांपैकी मी एकटाच उरलो आहे. मीही गेलो की पाध्यांच्या नावावर तेवढंच राहील. म्हणून हे लिहायला बसलो.

त्यांना सगळं कल्याण तात्या म्हणायचं. पारनाक्याच्या मागे आमची चाळ होती, आणि चाळीच्या तोंडाशीच तात्यांचं बैठं कौलारू घर. पुढच्या पडवीत त्यांचा दवाखाना. एक लाकडी बाक, एक बैठं मेज, भिंतीला लावून बरण्या आणि कोपऱ्यात दगडी खल. तात्या बुटके, रुंद कपाळाचे, धोतर नेसणारे. रोग्याच्या घरी जायचं असलं की वर अल्पाकाचा काळा कोट चढवीत. कोटाच्या उजव्या बाहीवर कायम तांबूस पूड असे. ते गल्लीत शिरले की आधी दालचिनीचा वास यायचा आणि मग तात्या दिसायचे.

त्यांच्या पायांत मात्र वहाणा असतीलच असा नेम नव्हता. रोग्याच्या दाराशी त्या काढायचे आणि परत निघताना विसरायचे. डोक्यात रोगी असे. मग कुणीतरी मागाहून त्या आणून पडवीत ठेवी. त्यांच्या पत्नी म्हणायच्या, "ह्यांच्या वहाणा कुठे आहेत ते कळलं की गावात कोण आजारी आहे ते कळतं."

तात्यांकडे गेलं की ते आधी नाडी बघत नसत. "काय काय घेता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नवा माणूस डाळभात, भाकरी असं सांगू लागे. तात्या मान हलवीत. डॉक्टरांची बाटली चालू आहे का, शेजारणीनं काही उकळून दिलंय का, मिसरी लावता का, देवळातून काही आणलंत का, हे सगळं त्यांना हवं असे. एकदा एका गृहस्थानं चिडून विचारलं होतं, की अंगाऱ्याचा आणि माझ्या खोकल्याचा काय संबंध? तात्या शांतपणे म्हणाले, "पोटात जातो ना? मग सांगायचा. अंगाऱ्यावर माझा राग नाही. पण आत कोण कोण बसलंय ते कळल्याशिवाय मी आणखी एकाला आत पाठवणार नाही."

दुसरी गोष्ट म्हणजे ते औषधाचं नाव लपवत नसत. त्या काळी पुडीत काय आहे हे वैद्य सांगत नसत. तात्या सांगायचे आणि वर रोग्याकडून वदवून घ्यायचे. गावातले दुसरे वैद्य यावरून त्यांना हसत. तात्यांचं म्हणणं असं, की उद्या हा माणूस डॉक्टरकडे गेला आणि काय घेतोस म्हणून त्यांनी विचारलं, तर यानं काय सांगायचं, पुडी?

आणि शेवटची त्यांची सवय म्हणजे, औषध कधी थांबवायचं हे ऐकल्याशिवाय ते रोग्याला उठू देत नसत. "सुरू कसं करायचं ते सगळे विचारतात. थांबायचं कधी, ते विचारून जा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की अजूनही औषधाच्या दुकानात उभा असलो की ते कानात येतं.

एकदा बंदरावरची एक कोळीण जुलाबावर औषध घेऊन गेली. पडवीत गर्दी होती, आणि थांबायचं कधी ते तिला सांगायचं राहिलं. हे लक्षात आल्याबरोबर तात्या हातातला खल टाकून तसेच धावले. मी तेव्हा कचेरीतून घरी येत होतो. तात्या अनवाणी पळताहेत म्हणजे कुणाचं तरी गंभीर दिसतंय, असं समजून मीही मागे गेलो. बंदरावर पोचलो तर तिची होडी पाण्यात गेलेली. तात्यांनी काठावरून ओरडून तिचं सगळं औषध सांगितलं. पुडी किती घ्यायची, जुलाब किती झाले की घ्यायची, पोट बांधलं की लगेच बंद करायची. काठावर जाळी विणत बसलेले लोक हात थांबवून ऐकत होते. होडीतून ती बाई म्हणाली, "वैदबुवा, आता सगल्या खाडीला कललं माजं प्वाट." तात्या म्हणाले, "कळू दे. तुला कळलं का, ते सांग." मग तिनं होडीतूनच ते सगळं म्हणून दाखवलं, आणि तात्या परतले.

दालचिनीवर त्यांचा जीव होता. सर्दी झाली, जेवण पचेना, पोट फुगलं, भूक मेली, पावसाळी जुलाब लागले, की त्यांचा हात त्याच बरणीकडे जायचा. पण त्या बरणीवर त्यांचा पहाराही होता. तोंड आलेल्याला नाही, नाकातून किंवा मूळव्याधीतून रक्त जाणाऱ्याला नाही, अंगाची आग होणाऱ्याला नाही. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ती मुळीच सोसत नसे. नुसत्या खलाजवळ दिवसभर बसून त्यांचं तोंड यायचं आणि मग ते दोन दिवस ताकभातावर काढायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "मी तिला ओळखतो तो असा. मसाल्यात घालता तेवढी कुणालाही चालते. काढा करून प्यायला लागलात की ती मसाला राहत नाही."

एका सासूबाईंनी तिसरा महिना चालू असलेल्या गरोदर सुनेला त्यांच्याकडे आणलं. सुनेला सर्दी होती आणि सासूबाईंना दालचिनीचाच काढा हवा होता. तात्यांनी साफ नाही म्हटलं. भाजीत पडते तेवढी पडू दे, या दिवसांत काढा नको, गरम पाण्याचा वाफारा घेऊ दे, एवढंच सांगितलं. वैद्याकडून रिकाम्या हातानं जायचं म्हणजे सासूबाईंना अपमान वाटला. पूर्वी असले चोचले नव्हते, आम्ही काय काय प्यायलो, असं त्या बराच वेळ ऐकवत राहिल्या. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक पुडी बांधून त्यांच्याच हातात दिली. "ही तुमच्यासाठी. खडीसाखर आहे. बोलावंसं वाटलं की तोंडात ठेवायची." सून पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

दालचिनी ते स्वतः बाजारात जाऊन घेत. वेलजीशेठच्या दुकानात गोणीपाशी उकिडवे बसून एकेक कांडी उचलून बघायचे. त्यांना हवी असे ती सिलोनची. विडीसारखी पानांवर पानं गुंडाळलेली, बोटांत चुरणारी, जिभेला गोडसर लागणारी. तिच्या शेजारीच दुसरी गोणी असे जाड सालीची. एकाच पापुद्र्याची, लाकडासारखी कडक, चवीला तिखट आणि पुष्कळ स्वस्त. घरोघरी मसाल्याला तीच जायची. वेलजीशेठ त्यांना डिवचायला म्हणायचा, "वैद्यराज, दोन्ही दालचिनीच आहे. एक बाप समजा, एक काका." तात्या म्हणायचे, "मग काका तुमच्याकडेच राहू दे. काका फोडणीला बरा, औषधाला नको."

आता चाळीतली हकीकत सांगतो.

आमच्या चाळीत कुणाला कशाचा गुण आला, की तो आपल्यापाशी ठेवणं हे वाईट दिसायचं. लोणच्याची फोड शेजारी जायची तसं औषधही जायचं. आणि देताना ते कुणाकडून आलं त्याचं नाव सांगायचं, म्हणजे घेणाऱ्याला भरवसा वाटायचा. तळमजल्यावरच्या कुसुमताई गोरे यांना जेवणानंतर पोट जड व्हायचं, म्हणून तात्यांनी त्यांना दालचिनीची पूड दिली. त्यांना गुण आला. त्यांनी ते वरच्या साठेमावशींना सांगितलं. साठेमावशींनी माझ्या आईला. आईनं ते अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सुरू केलं.

अण्णा रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. हेडक्लार्क होते. चाळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. त्याच सुमारास त्यांच्या लघवीत साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोड बंद करायला आणि रोज चालायला सांगितलं होतं. अण्णा दोन्ही करत होते, शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ भांडंभर दालचिनीचा काढा पीत होते. लघवी तपासायचं सामान त्यांनी घरीच आणलं होतं. गॅलरीच्या टोकाला स्पिरिटचा दिवा लावून, काचेच्या नळीत निळं औषध घालून ते ती तापवायचे. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर थोडी, विटकरी झालं तर पुष्कळ. तीन-चार महिन्यांत अण्णांची नळी विटकरीवरून निळ्यावर आली. कशानं आली? अण्णांच्या मते दालचिनीनं. चालण्याचं श्रेय घ्यायला कुणी शेजारी येत नाही.

शेजारच्या खोलीत वामनराव मोडक राहायचे. मुंजीतल्या त्या डॉक्टरांचे आजोबा. त्यांची साखर जुनी आणि हट्टी होती, ते इन्शुलिनवर होते. रोज सकाळी मोडककाकू पितळी भांड्यात काचेची पिचकारी उकळायला ठेवायच्या आणि पाणी खळखळायला लागलं की मोडककाका पेपरात तोंड खुपसायचे. एवढा थोराड माणूस, पण सुईला लहान मुलासारखा भ्यायचा.

एका सकाळी अण्णांनी त्यांना गॅलरीत हाक मारली. मी तिथेच आरशासमोर दाढी करत होतो. अण्णांनी नळी उन्हात धरून दाखवली आणि म्हणाले, "वामन, बघ. निळी. तू कशाला रोज भोकं पाडून घेतोस? थोडे दिवस सुई सोड, हा काढा घे."

मोडककाकांनी विचारलं, "पण सुई सोडून चालेल?"

अण्णा म्हणाले, "मी नाही म्हणत, पाध्ये म्हणतात. त्यांचंच औषध आहे."

तात्या असं काही म्हणाले नव्हते. अण्णा त्यांना या औषधाबद्दल भेटलेसुद्धा नव्हते. मला हे ठाऊक होतं. अण्णांनी ठरवून खोटं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. चाळीच्या रीतीप्रमाणे बोलण्याला भरवसा यावा म्हणून त्यांनी नाव जोडलं. मी गालावर साबण घेऊन उभा होतो. मी वस्तरा पुन्हा गालाला लावला. वडिलांना मध्येच दुरुस्त करायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मोडककाकांनी सुई सोडली. पहिले एक-दोन दिवस ते खुशीत होते. मग त्यांना तहान आवरेना, उलट्या सुरू झाल्या. एका दुपारी काकूंची हाक आली म्हणून आम्ही धावलो, तर ते धापा टाकत होते, श्वासाला पिकून सडायला आलेल्या फळासारखा वास येत होता आणि ते कुणाला ओळखत नव्हते. आम्ही त्यांना गाडी करून ठाण्याच्या इस्पितळात नेलं. तिथे ते वाचले. तिथल्या डॉक्टरांनी इन्शुलिन कुणी बंद करायला सांगितलं म्हणून विचारलं, तेव्हा काकू रडत म्हणाल्या, "पाध्ये वैद्यांचं औषध चालू होतं." मी त्यांच्या मागेच उभा होतो. कल्याणला ही बातमी आमच्या आधी पोचली.

पुढच्या रविवारी सकाळी तात्या चाळीत आले. अंगात काळा कोट होता. सगळे घरी होते, आणि आता भांडण होणार म्हणून जो तो दारात येऊन उभा राहिला. तात्या तळमजल्यावर कुसुमताईंच्या दारात गेले, वहाणा काढल्या आणि म्हणाले, "कुसुमताई, या चाळीत मी दालचिनी फक्त तुम्हांला दिली. मी काय सांगितलं होतं, तेवढं म्हणून दाखवा."

कुसुमताईंनी शाळेतल्या मुलीसारखं म्हटलं, "जेवण झालं की चिमूटभर पूड, मधातून. आठ दिवस. मग बंद. तोंड आलं तर त्याआधीच बंद."

"बरोबर. आणि पुढे काय सांगितलंत?"

त्या जरा घुटमळल्या. बंद करायचं तेवढं सांगितलं नाही, म्हणाल्या. साठेमावशींचं पोट कधी बरं होणार हे त्यांना काय माहीत?

तात्यांनी मान हलवली आणि अनवाणीच जिना चढले. अर्धी चाळ मागोमाग निघाली. साठेमावशींना यात काही चुकलं आहे असं वाटतच नव्हतं. त्यांनी उत्साहानं सांगितलं, की पूड कोण कुटत बसणार, म्हणून त्यांनी साल उकळली. मध परवडत नाही म्हणून गूळ घातला. साल दुकानातली जाड घेतली, कारण ती जास्त येते. चिमूट किती म्हणून तात्यांनी विचारलं, तर त्यांनी मूठ उघडून दाखवली. "माझी चिमूट मोठी आहे," त्या म्हणाल्या, आणि मागचे लोक हसले. तात्याही हसले. औषध सांगणं हा किती अवघड धंदा आहे, हे त्यांना त्या क्षणी नव्यानं कळत असावं.

मग ते आमच्या दारात आले. आईनं घाईघाईनं सांगितलं, की अण्णांना गोड वर्ज्य, म्हणून गूळ काढला, आणि चव लागेना म्हणून साल वाढवली. अण्णा आरामखुर्चीत बसले होते. समोर पेपर धरला होता, पण वाचत नव्हते.

"अण्णासाहेब," तात्या म्हणाले, "मोडकांकडे काढा तुमच्याकडून गेला का?"

"साल गेली," अण्णा म्हणाले. "सुई सोडा असं इथून कुणी सांगितलेलं नाही."

तात्या दोन पावलं पुढे गेले, आणि अण्णांच्या चेहऱ्याकडे, खिडकीचा उजेड पडत होता त्या बाजूनं, बराच वेळ बघत राहिले. नंतर ते माझ्याकडे वळले.

"दिनकरराव, तुम्ही त्या वेळी होतात का तिथे?"

मी बावीस-तेवीस वर्षांचा कारकून होतो. मला दिनकरराव म्हणणारे ते एकटेच. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मी म्हणालो, "मला आठवत नाही, तात्या."

त्यांनी मान हलवली, साठेमावशींकडे हलवली होती तशीच. मग गॅलरीत जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग माझ्याकडूनच सांगायचं राहिलं. दालचिनी सुईची जागा घेत नाही, हे मी सुरुवातीलाच बजावायला हवं होतं. चूक माझी. आता या चाळीत ज्याच्या घरी हा काढा चालू असेल त्यानं आज बंद करावा." आणि ते खाली गेले.

मी मागोमाग धावलो. कोपऱ्यावर त्यांना गाठलं. तेच बोलले.

"अण्णांच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे. तुमच्या लक्षात आलाय का?"

मी नाही म्हटलं.

"जाड साल, रोज भांडंभर, इतके महिने. ती पोटात काय करते ते मला सगळं सांगता येणार नाही, पण हे डोळे मला आवडले नाहीत. त्यांना आजच डॉक्टरांना दाखवा, आणि काढा पीत होते हे डॉक्टरांना सांगा. लपवू नका."

मी म्हणालो, "तात्या, पण ते तुमच्यावर..."

"त्यांना मी चारचौघांत खोटं पाडलं असतं, तर हट्टानं तोच काढा पीत राहिले असते. हेडक्लार्क माणूस आहे. आता पाध्यांनी चूक कबूल केली म्हणून सोडतील." मग म्हणाले, "आणि चाळीतल्या बायका. आज मी एकाचं नाव घेतलं, तर उद्या काय काय घेता म्हणून विचारल्यावर एक तरी खरं सांगेल का?"

झालंही तसंच. मी घरी आलो तेव्हा अण्णा आईला सांगत होते, "पाध्यांनाच खात्री नसेल तर आपण कशाला घ्या? टाकून द्या तो काढा." संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांचं पोट दाबून पाहिलं. यकृताला सूज होती. काढा आणखी चालू राहिला असता तर जड गेलं असतं, असं ते म्हणाले. दोन-तीन महिन्यांत डोळे निवळले. अण्णा त्यानंतर वीस-बावीस वर्षं जगले, चालत राहिले, नळी बघत राहिले. पण त्या रविवारबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. एकदाच, मोडककाका वारले त्या दिवशी, स्मशानातून परतताना ते म्हणाले, "पाध्ये भला माणूस होता." मी वाट पाहिली. ते चालत पुढे गेले.

तात्यांनी चूक कबूल केली, हेच लोकांच्या लक्षात राहिलं. का केली, हे मला एकट्याला माहीत होतं. बाक हळूहळू रिकामा झाला. मोडककाका इस्पितळातून आले आणि पुन्हा सुई घेऊ लागले, पण तात्यांच्या घरावरून जाताना मान फिरवायचे. बाजारात पोरं दालचिनी वैद्य म्हणून हाका मारायची. एका वाक्यात हे सगळं थांबवता आलं असतं. अण्णा आहेत तोवर नको, असं मी ठरवलं. मग आई आहे तोवर नको. ती गेल्यावर नको म्हणायला कारण उरलं नाही, फक्त सवय उरली. त्या रविवारनंतर एक-दोन वर्षांतच तात्यांनी पडवी बंद केली आणि ते टिटवाळ्याला पुतण्याकडे राहायला गेले.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. माझं लग्न झालं होतं. आम्ही दोघं गणपतीच्या दर्शनाला टिटवाळ्याला गेलो होतो आणि बायकोला सर्दीनं बेजार केलं होतं. परतताना एका घराच्या ओट्यावर तात्या दिसले. केस पांढरे झाले होते, कोट नव्हता. समोर दोन-तीन गावकरी बसले होते. एका म्हातारीला ते विचारत होते, "आणि मिसरी?"

त्यांनी मला लगेच ओळखलं. "या, दिनकरराव. अण्णा काय काय घेतात सध्या?"

मी सगळं सांगितलं. चालणं, पथ्य, डॉक्टरांच्या गोळ्या. डोळे स्वच्छ आहेत, हेही सांगितलं. त्यांना बरं वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मी ठरवलं, की आता बोलायचं. पण गावकरी बसलेले, बायको शेजारी उभी. तात्यांनी तिला दिवस गेलेले नाहीत ना, तोंड आलेलं नाही ना, हे विचारून घेतलं, आत जाऊन एक पुडी बांधून आणली आणि तिच्या हातात दिली. वास मला दुरूनच आला. मी नमस्कार करून निघालो. खरं सांगायचं तर पळालो.

शेतांमधून स्टेशनकडे जाणारी पायवाट होती. आम्ही बरंच अंतर गेलो असू, तेव्हा मागून हाक ऐकू आली. वळून पाहिलं तर तात्या. धोतराचा सोगा हातात धरून बांधावरून येत होते. मी जागीच उभा राहिलो. माझ्या मनात आलं, की आता ते विचारणार, आणि विचारलं तर मी सांगणार.

ते जवळ आले. धाप लागली होती. गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी श्वास घेतला.

"थांबायचं कधी, ते न विचारताच निघालात."

मी म्हणालो, "चुकलं, तात्या."

"तीन दिवस. सर्दी गेली तर त्याआधीच. आग वाटली तर तत्काळ. म्हणा बघू."

बायको हसू दाबत माझ्याकडे बघत होती. मी भर दुपारी त्या बांधावर उभा राहून म्हटलं, "तीन दिवस. सर्दी गेली तर आधीच. आग वाटली तर तत्काळ."

"आणि पुढे कुणाला दिलंत तर?"

"तर हे सगळं सांगायचं," मी म्हणालो. "काही न गाळता."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि ते परत फिरले. भात कापून झालं होतं, शेतांत नुसते खुंट उभे होते. त्यांतून ते जपून पाय टाकत चालले होते. पायांत काही नव्हतं.